संगमाच्या पाण्याचा कॅन

आत्याच्या फ्रिजवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलेलं होतं. 'या आठवड्यात शहरात' असं वर ठळक अक्षरांत आणि खाली कुठे काय आहे त्याची जंत्री. आत्याच्या मुलानं त्यातल्या चार ठिकाणी लाल पेनानं खुणा केल्या होत्या. आंबा महोत्सव, सुती कपड्यांचा सेल, जादूचे प्रयोग आणि नदीकाठची भेळ. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी मी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मला फार बरं वाटलं. माझ्यासाठी कुणीतरी लाल पेन हातात घेतलं, एवढ्यावर हुरळून जाणारी मुलगी होते मी. आज ते आठवलं की माझी मलाच किळस येते.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी वीस वर्षांची, बारावी होऊन घरी बसलेली. आमच्यात आत्याच्या मुलासाठी मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगतात. तो हक्क बजावायचा की सोडून द्यायचा, हे आत्याला त्या आठवड्यात ठरवायचं होतं. तसं कुणी उघड बोललं नाही. 'चैत्र लागलाय, कांदा निघालाय, पोरीला आठवडाभर पुणं बघू दे,' एवढाच निरोप आला होता. पण घरात सगळ्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. आणि खरं सांगायचं तर मला तिथे जायचंच होतं. मुलगा दिसायला बरा होता, सणसवाडीला कंपनीत कायम झाला होता, हे सगळं ठीक. पण मला सगळ्यात जास्त हवा होता तो नळ.

हे नळाचं कुणाला सांगून पटत नाही. आमचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावर. गावाच्या वरच्या अंगाला भीमेला मुळा-मुठा येऊन मिळते. पावसाळ्यात सगळं तांबडं पाणी, त्याचं काही नाही. पण उन्हाळा लागला की भीमेचं पाणी वर धरणांत अडतं आणि खाली येतं ते बहुतेक पुण्याचंच. काळं, फेसाळ, वर जलपर्णीची जाड चादर. वारा पडला की तो वास घरात येऊन बसतो. भाकरीला वास, पांघरुणाला वास, धुतलेल्या केसांना वास. पायाला खाज सुटते ती जूनपर्यंत जात नाही. मला या सगळ्यातून सुटायचं होतं. लग्न हा त्यातल्या त्यात सोपा रस्ता होता.

निघताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात पाच लिटरचा कॅन दिला. गोड्या तेलाचा जुना कॅन, सोडा घालून तीनदा धुतलेला. आत संगमाचं पाणी. आमच्या घराची ही रीत आहे. आजोबांच्या काळात मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरायचं, आणि चैत्रात जिथं असतील तिथून संगमावर यायचं, त्या पाण्यानं घरातल्या देवांना अंघोळ घालायची. मेंढरं विकली, जमीन केली, घर बांधलं, पण ती अंघोळ राहिली. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही त्या पाण्याचा वाटा जातो. आत्याला तो वाटा तीस वर्षं न चुकता जात होता.

मी आबांना म्हणाले होते, "आबा, संगमाच्या वरच्या अंगाला भरा की. तिथं निदान भीमेचं थोडं तरी चांगलं पाणी हाय."

"न्हाई गं," ते म्हणाले. "दोन्ही पाणी एक झालेलं पायजे. भावानं भैनीला धाडायचं पाणी हाय ते. एका नदीचं कसं चालंल?"

मग पहाटे ते सायकलवर संगमाला गेले. काठाला घाण असते म्हणून मध्यापर्यंत, छातीएवढ्या पाण्यात गेले. जलपर्णी हातानं बाजूला सारली, धोतराचं फडकं चार पदरी करून त्यातनं पाणी गाळलं. घरी आले तेव्हा त्यांच्या मांड्यांपर्यंत लाल चट्टे उठले होते. मी ते बघितलं आणि कॅन उचलला. भीमेवरच्या पुलापलीकडून जीप धरली, यवतला एसटी पकडली, आणि तो कॅन मांडीवर घेऊन हडपसरपर्यंत बसले.

आत्यानं दार उघडलं, मला जवळ घेतलं आणि लगेच सोडलं. "आधी अंघोळ कर हं," म्हणाली. मी म्हणाले सकाळीच केलीय. ती म्हणाली, "प्रवासाचा वास येतो." बादलीत तिनं बाटलीतलं पांढरं औषध टाकलं आणि मला निराळा टॉवेल दिला. कॅन मात्र तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, गॅलरीत पाटावर ठेवला आणि वर फडकं झाकलं. देवांची अंघोळ, एरवी पाणी आलं त्याच दिवशी व्हायची ती, यंदा रविवारी होती. तो दिवस सोमवारचा.

गॅलरीत दुपारभर ऊन येत होतं. हे मला तेव्हाच दिसलं होतं.

पुढचे दिवस मी शहर बघितलं. आंबा महोत्सवात एका मांडवात चारशे माणसं आणि चव घ्यायला कापलेल्या फोडींची एकच परात. चांगल्या घरच्या बायका, गळ्यात मोत्यांच्या माळा, कोपरानं वाट काढत त्या फोडींवर तुटून पडत होत्या. कुणी साल चोखून परत परातीत टाकली. आत्याचा मुलगा माझ्यासाठी एक फोड घेऊन आला, त्याच्या बोटांवरून रस ओघळत होता. मी ती खाल्ली. नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

सेलमध्ये आत्या मला घेऊन गेली. ड्रेस लावून बघताना पडद्याच्या आत येऊन तिनं माझ्या मानेजवळ नाक नेलं आणि हुंगलं. बाजारात बैल घेताना दात बघतात ना, तसं. "अजून येतो गं," म्हणाली, "वर्षभर राहिलीस इथं की जाईल." त्या वर्षभराच्या आशेवर मी गप्प बसले. जी बाई वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मेंढरांत झोपली, जिच्या अंगाला लेंड्यांचा वास येतो म्हणून शाळेत मुली लांब बसायच्या असं आबा हसत सांगायचे, ती माझी मान हुंगत होती. आणि मी मान पुढे करून उभी होते! तिच्यापेक्षा माझाच मला जास्त राग येतो.

नळ मात्र खरा होता. रोज सकाळी मी बाथरूममध्ये दाराला कडी लावून नुसती नळाखाली हात धरून उभी राहायची. स्वच्छ, गार, वास नसलेलं पाणी. तेवढ्यासाठी मी मान काय, डोकं पुढे केलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी कात्रणातली शेवटची खूण, नदीकाठची भेळ. पुलाच्या कठड्याला टेकून जोडपी उभी, हातात कागदाचे पुडे, आणि खाली मुठा. मला तो वास दोन चौक आधीच आला होता. मी घरी असल्यासारखी चालत होते. पुलावरून वाकून बघितलं तर तीच काळी धार, तोच फेस, तीच जलपर्णी. काठाच्या नळ्यांतून भसाभस काहीतरी पडत होतं. आणि वर माणसं मिटक्या मारत भेळ खात होती. वाऱ्याचा झोत आला की एका हातानं रुमाल नाकाला लावायचा, झोत गेला की पुन्हा घास. कुणालाही त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं.

"ही नदी म्हणजे गटार झालंय नुसतं," आत्याचा मुलगा म्हणाला. त्याच्या ओठाला चिंचेची चटणी लागली होती.

"पुढं कुठं जातं हे?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. त्याला माहीत आहे का, ते बघायचं होतं.

"जात असेल कुठंतरी," तो म्हणाला. "शेव जास्त टाकायला सांगू का?"

परत येताना मी बिल्डिंगच्या मागे बघितलं. सहा मजल्यांचे पाइप भिंतीवरून उतरून खालच्या ओढ्यात सोडलेले होते, आणि ओढा नदीच्या दिशेनं. माझ्या सकाळच्या नळाखालचं पाणीही तिकडेच जात होतं. चार दिवस मीही माझ्याच गावाला घाण पाठवत होते. त्या रात्री मी जेवले नाही. आत्याला वाटलं, भेळेनं पोट भरलं.

रविवारी तिनं नवी साडी नेसून देव्हारा पुसला. पितळी ताम्हन, त्यात टाक आणि छोट्या मूर्ती. मुलगा सोवळं नेसून पाटावर बसला, मला शेजारी बसवलं. असं शेजारी बसवण्याचा अर्थ मला कळत होता. आत्याची मनाची तयारी झालेली होती. अंघोळ झाली की ती बोलणार होती, बहुतेक त्याच पाण्याचं तीर्थ देऊन.

तिनं कॅनचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा सुटली आणि मग तो वास. सहा दिवस उन्हात उकळलेला. खोलीभर झाला. मुलानं सोवळ्याचा सोगा नाकाला लावला, परवाच्या रुमालासारखाच. आत्यानं पाणी ताम्हनात ओतून बघितलं. करड्या रंगाचं, त्यात तंतू.

"कुठनं भरलंय गं हे?" पहिल्यांदा तिच्या तोंडी गावची भाषा आली. "गटारातनं? तुझ्या बापाला संगमापत्तुर जायचा कंटाळा आला व्हय? देवाला असलं पाणी? सवय झालीय तुम्हाला घाणीत ऱ्हायची, तुमास्नी काय वास कळणार!"

मला बोलायचं नव्हतं. शेजारच्या पाटावर माझं सगळं पुढचं आयुष्य मांडलेलं होतं आणि बाथरूममध्ये तो नळ होता. 'चुकलं आत्या' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पण आबांच्या मांडीवरचे चट्टे डोळ्यांसमोर आले.

"आबा छातीएवढ्या पाण्यात गेले होते आत्या," मी म्हणाले. "धोतरातनं गाळून भरलंय. संगमाचंच हाय. ह्यातलं थोडं भीमेचं, आन् बाकीचं तुमच्या मोरीतलं. तुमच्या ओढ्यातलं. हा वास आमचा न्हाई, तुमचा हाय. तुम्ही हगता ते आम्ही गाळून देवासाठी माघारी धाडतो."

शेवटचं वाक्य देव्हाऱ्यासमोर बोलायला नको होतं. पण ते बोलले, आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. किळस आहे, पश्चात्ताप नाही.

आत्या उठली. ताम्हनातले देव तिनं उचलून फडक्यावर ठेवले. ताम्हन आणि कॅन घेऊन आत गेली. संडासाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग साखळी ओढल्याचा. बाहेर येऊन तिनं देवांना नळाच्या पाण्यानं अंघोळ घातली. मला कुणी ऊठ म्हणालं नाही, म्हणून मी स्वतःच पाटावरून उठले.

दुपारी आत्याचा मुलगा मला एसटीला सोडायला आला. गाडी लागेपर्यंत तो फलाटावर उभा होता. "तू म्हणालीस ते खरंय तसं," तो म्हणाला, "पण आईसमोर बोलायला नको होतंस." मग म्हणाला, "आणि वास येतोच गं." मी गाडीत चढले. त्याच्याशी लग्न झालं असतं तर मी रोज औषधाच्या बादलीत अंघोळ केली असती आणि वर्षभरानं माझ्याच आईची मान हुंगली असती. मला माझा स्वभाव माहीत आहे.

यवतहून जीपनं आले. उन्हं कलली होती. पुलावर आबा कठड्याला बसून माझी वाट बघत होते. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या खाजवत होते. चट्टे आता काळे पडून त्यांच्या खपल्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. पुणं कसं हाय विचारलं नाही, आत्या काय म्हणाली तेही विचारलं नाही.

"देवावर पडलं का गं पाणी?" त्यांनी विचारलं.

"पडलं, आबा."

"सगळं?"

"सगळं."

त्यांना फार बरं वाटलं. तोंड उजळलं. पिशवी खांद्याला लावून ते पुढे चालू लागले आणि कांद्याचं, नव्या रोपाचं सांगत राहिले. मी खाली बघत चालले होते. आत्यानं सकाळी साखळी ओढून जे सोडलं होतं, ते अजून शहरातच कुठेतरी असेल. परवा-तेरवापर्यंत ते या पुलाखाली पोचणार होतं. आणि आबा रोज सकाळी सहाला त्याच पाण्यात उतरून शेताच्या मोटारीच्या फुटबॉलला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडच्या जाळीला, अडकलेली घाण हातानं काढायचे.