उलट्या फोटोवरची रायफल

आमच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे रबरी पार्ट बनतात. पायाखालच्या मॅट, दाराच्या पट्ट्या, बुचं. कुरकुंभच्या रस्त्याला पत्र्याची शेड आहे, तिथं मी साच्यांचं काम बघते. मालक दौंडचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक बाई आल्या. एका जुन्या लढाईवर सिनेमा निघत होता, त्यातलं सामान जमवायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढच्या नटांसाठी चांगल्या रायफली शूटिंगच्या दिवशी भाड्यानं येणार होत्या, पण मागं पळणाऱ्या सैनिकांसाठी साठ रबरी रायफली हव्या होत्या. खऱ्यासारख्या दिसल्या पाहिजेत, आणि कुणी अंगावर पडलं तरी लागता कामा नये. फोटोवरून कोरून घेतलेली एक लाकडी रायफल त्यांनी बरोबर आणली होती. तिच्यावरून साचा काढायचा. चाचांनी आधी पोलीस चौकीत लेखी कळवलं आणि मगच काम घेतलं.

पहिल्या चार रायफली निघाल्या, रंगवून भिंतीला उभ्या केल्या. दिवस उन्हाळ्याचे. दुपारपर्यंत चारींच्या नळ्या वाकून जमिनीकडे बघायला लागल्या. सगळी शेड हसली. मला मात्र हसू येईना, कारण साचा माझा होता. शनिवारी चाचांना विचारून त्यातली एक गोधडीत गुंडाळली आणि स्कूटीवरून वरवंडला घरी आणली. म्हटलं, रविवारी निवांत बघू.

घरी माझे सासरे, आबा. त्यांची सोळा वर्षं फौजेत गेली. ज्या लढाईवर हा सिनेमा होता, त्या लढाईच्या वेळी ते नोकरीत होते. पण माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडून लढाईचा एक शब्द मी ऐकला नव्हता. कुणी विषय काढला की ते उठून गोठ्याकडे जायचे. काहीतरी भयंकर बघितलं असेल, असं समजून आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं.

ओसरीवर मी गोधडी सोडली. आबांनी वाकडी रायफल उचलून खांद्याला लावली. त्यांचा डावा हात तिच्या अंगावरून पुढं सरकला, काहीतरी चाचपत राहिला आणि थांबला.

“हिचं हँडल उजवीकडं कसं?”

“फोटोत तसंच आहे, आबा.”

“मग फोटू उलटा छापलाय. ते डावीकडं असतंय. उजवा हात घोड्यापासनं हलवायचा न्हाई, डाव्यानं हँडल मागं ओढायचं. आन् रिकामं काडतूस उजवीकडनं बाहेर पडतंय. हितं समदंच आरशात बघितल्यावानी झालंय.”

“एवढं सगळं अजून ध्यानात आहे तुमच्या?”

ते रायफल मांडीवर घेऊन बसले.

“पोरी, लढाईत मी एक गोळी झाडली न्हाई. मी आर्मरर हुतो. जवान बिघडल्याली हत्यारं आणून द्यायचे, मी खोलायचो, नीट करून परत द्यायचो. तंबूत बसून. गावाला वाटतंय मी मोर्च्यावर हुतो. तवा सांगितलं न्हाई, आन् मागनं सांगायची लाज वाटाया लागली.”

सहज माझ्या तोंडातून निघून गेलं, “मग तुम्ही नीट केलेल्या रायफली चालायच्या का?”

“म्हंजी?” आबा ताठ झाले. “न चालणारी रायफल माझ्या हातनं कवा बाहेर गेली न्हाई.”

त्यांचा आवाज इतका कडक मी कधी ऐकला नव्हता. मला एकदम बरं वाटलं.

मग आबाच बोलत सुटले. ही लई हलकी हाय म्हणाले. खरी चार किलोच्या वर भरती. हलकी घेऊन माणूस काठी घेतल्यावानी पळतो. ते ऐकताना माझ्या डोक्यात आलं, की नळीत लोखंडी सळई घातली तर वाकायचंही थांबेल आणि वजनही येईल. आबा म्हणाले, “घाल, पण टोकाच्या चार बोटं अलीकडं थांबव. टोक मऊ पायजे, न्हाईतर कुणाचा तरी डोळा जाईल.”

सोमवारी ते माझ्यामागं स्कूटीवर बसून वर्कशॉपला आले. चाचांनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली. बाईंना फोन लावला, त्यांनी दुसरे फोटो शोधून बघितले. पहिला फोटो खरंच उलटा होता. त्या खजील झाल्या, पण अडून बसल्या नाहीत. सुताराकडे नवी लाकडी रायफल कोरायला टाकली, आबा चार दिवस सुताराशेजारी बसून होते. मी नवा साचा केला. साठच्या साठ रायफली सरळ उभ्या राहिल्या.

शूटिंग दौंडच्या पलीकडे एका मुरमाड माळावर होतं. बाईंनी आबांना मुद्दाम बोलावलं, मीही गेले. सैनिक झालेले बहुतेक जण कंपन्यांतले कामगार, सुट्टीच्या दिवशी आलेले, कुणी बिहारचा, कुणी यूपीचा. आबा फौजी हिंदीत त्यांना रायफल धरायला शिकवत होते.

“दादाजी, आप लड़ाई में थे?” एकानं विचारलं.

मी आबांकडे बघितलं. तिथं उठून जायला गोठा नव्हता.

“था,” आबा म्हणाले. “हथियार ठीक करता था।”

“फिर तो मेरा भी कर दो, इसका पट्टा निकल गया।”

आबा हसले आणि खाली बसून पट्टा ओवायला लागले. त्याच्यामागं आणखी तिघे उभे राहिले. संध्याकाळपर्यंत माळावर ती रांग काही संपली नाही. जेवायची हाक आली तर म्हणाले, “थांबा वाईच, एवढा एक करतो.”

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे दौंडला जाऊन बघून आलो. आमच्या रायफली मिनिटभर दिसल्या, त्याही धुरात. आबांना त्याचं काही वाटलं नाही. आता मंगळवारी आणि शुक्रवारी ते वर्कशॉपला येतात. साच्यातून निघालेल्या मालाची जास्तीची कड ब्लेडनं कशी कापायची, ते नव्या पोरींना शिकवतात. एखादीचा माल वाकडा निघाला की रागावत नाहीत, तो हातात घेऊन चष्मा वर करतात आणि म्हणतात, “बस हितं. कुठं चुकलंय ते बघू.”