उलटा बाण

दुकानांच्या पाट्या रंगवून पेंटरचं पोट भरलं, पण तोंड भरून सांगण्यासारखं काम त्याच्या हातून एकच झालं: मेडिकल कॉलेजच्या वर्गातला भलामोठा तक्ता. "अर्धे डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेत," असं तो न्हाव्यापासून व्याह्यापर्यंत सगळ्यांना ऐकवी. स्वतः नववी नापास, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नसे.

तक्त्यावर हृदयाची एक पेशी होती. रक्त कमी पडलं की पेशीतली ताकद सरत येते. मग एरवी बंद असलेली बारीक दारं उघडतात, त्यातून पोटॅशियम बाहेर गळतं आणि हृदयातल्या विजेची घडीच विस्कटते. प्राध्यापकांनी पेन्सिलीने सगळं काढून दिलं होतं, गड्याला फक्त रंगवायचं होतं. पण पेशीबाहेरच्या मोकळ्या जागेत त्याने आधीच ऐसपैस सही ठोकली आणि पोटॅशियमच्या बाणाला जागाच उरली नाही. सही पुसायची? छे! त्याने बाण आत वळवला. बाण तो बाण, इकडे काय नि तिकडे काय!

अठरा वर्षांनी एका सकाळी शिडीवरच त्याच्या छातीत कळ आली. बायकोने रिक्षात कोंबून त्याला त्याच कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या आणि कागदाची पट्टी बघितली.

"रेघ वर उचलली गेलीय, काका. हृदयाला रक्त कमी पडतंय."

"तुम्ही शिकलात कुठे?"

"इथेच."

पेंटरची पाचावर धारण बसली. करावं तसं भरावं म्हणतात, पण इतकं घरपोच? ही पोरगी त्याचाच तक्ता बघून शिकली, आणि आता त्याच्यावरच सुई चालवणार! बोलावं तर अठरा वर्षांची फुशारकी बायकोदेखत मातीत जाणार होती. न बोलावं तर आपणच.

"थांबा!" तो ओरडला. "तक्त्यावरचा बाण उलटा आहे. पोटॅशियम आत येत नाही, बाहेर जातं. मीच चुकवलाय तो."

डॉक्टरीणबाई हसल्याच. "तो तक्ता तुमचा? अहो, सर पहिल्याच दिवशी सांगायचे, यातली घोडचूक शोधा. आमच्या वर्गात ते पोटॅशियम कुणी जन्मात विसरणार नाही." आणि बोलता बोलता त्यांनी सुई टोचलीसुद्धा.

बाई जाणती आहे म्हटल्यावर पेंटरचा जीव भांड्यात पडला. पण इतकी वर्षं वर्गच्या वर्ग आपल्या कामाला हसले, हे त्याला छातीतल्या कळेपेक्षा जास्त लागलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला.

"ऐकलंस ना सगळं?" त्याने बायकोला विचारलं.

"ऐकलं." तिने डोळे पुसले आणि त्याचा रंगाने माखलेला हात घट्ट धरला. "हसली म्हणून तर शिकली पोरं. तुम्ही नीट काढलं असतंत, तर कोण बघणार होतं?"