आमरूमच्या वाळूतल्या सतरा काठ्या

हॅम्बर्ग-आल्टोनाहून सकाळची गाडी पकडली तेव्हा पाऊस लागला होता. बाबांनी कानटोपीवरून जॅकेटची टोपीही ओढून घेतली होती. आई जाऊन चार महिने झाले होते. ते नाशिकला एकटे पडले म्हणून मी त्यांना जर्मनीत बोलावून घेतलं, आणि माझ्या पीएच.डी.च्या मोजणीसाठी आमरूम बेटावर निघताना सोबत नेलं.

वाटेत नीब्यूलला जोडगाडी चुकली. तासभर फलाटावर काकडत बसलो. पुढे बोटीत बाबांना खाण्यासारखं म्हणजे पोमेस (बटाट्याचे तळलेले काप) एवढंच मिळालं. खिडकीबाहेर वाटेनमेअर (ओहोटीत उघडा पडणारा चिखलाचा समुद्र) मैलोन् मैल करडा पसरला होता.

"बिकानेरला होतीस तेव्हाही हेच काम होतं ना?" बाबांनी विचारलं.

"हेच. तिथे फोगाची झुडपं होती, इथे गवत."

मग त्यांना समजावून सांगितलं. झुडूप वारा अडवतं. वाळू त्याच्या पायाशी साठते, झुडूप तिच्यातून वर निघतं आणि आणखी वाळू धरतं. अशी एकेका झुडपाभोवती टेकडी होते. वाळू फार आली तर झुडूप गाडलं जातं. यायची थांबली, तर आहे तीही वारा उचलून नेतो आणि मुळं उघडी पडतात. किती वाळूला काय होतं, एवढाच माझा प्रबंध.

बेटावरच्या आमच्या घरमालकीण फ्राऊ (बाई) यान्सन सत्तरीच्या. त्यांनी पेल्यात आधी खडीसाखर टाकून वर काळा चहा ओतला. साखर तडतडली तेव्हा बाबा जरासे हसले.

"आणि आई नाही आली?" फ्राऊ यान्सननी मला जर्मनमध्ये विचारलं. मागच्या खेपेला मी त्यांना दोघांबद्दल सांगितलं होतं.

"थंडीत गेली."

त्यांनी बाबांच्या पेल्यात खडीसाखरेचा आणखी एक खडा टाकला. मग मला म्हणाल्या, "यंदाची वादळं वाईट होती. समुद्राकडच्या टेकड्यांची फार आशा धरू नकोस."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पोचलो तर टेकड्यांची पुढची रांगच नव्हती. शरद ऋतूत मी वाळूची पातळी मोजायला गवताच्या सतरा टेकड्यांवर सतरा काठ्या रोवल्या होत्या. आता तिथे सपाट ओली वाळू होती. दोन तास आम्ही वाऱ्यात वाकून शोधत राहिलो.

"अगं, ही बघ!" मागच्या बाजूने बाबा ओरडले.

एकच टेकडी तिच्या काठीसकट उरली होती. समोरच्या टेकड्या गेल्यावर हिला मिळणारी वाळूही तुटली होती. काठीवरच्या खुणेपासून वाळू दोन विती खाली उतरली होती आणि गवताची पिवळी मुळं हवेत लोंबत होती. मी वही काढेपर्यंत बाबा गुडघ्यांवर बसून ओंजळीने त्या मुळांवर वाळू घालू लागले.

"बाबा, हात लावू नका! मोजायचंय मला!"

मी किंचाळलेच. त्यांचे हात थबकले.

"सॉरी," ते म्हणाले. बाबांनी मला आजवर कधी सॉरी म्हटलं नव्हतं. हात झटकत उठले. "हे जगेल का?"

"वाळू आली तर."

"आणि नाही आली तर?"

मी आकडा लिहीत राहिले.

परतीच्या बोटीत मला रडू आलं. "सोडते मी हे सगळं," मी म्हणाले. "तुमच्याबरोबर नाशिकला येते." ते नको म्हणतील याची मला खात्री होती. आमची काळजी करू नकोस, हे वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं दर फोनवर म्हटलं होतं.

त्यांनी कानटोपी काढून हातात धरली.

"ये," ते म्हणाले. "खरंच ये. संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसतं गं."

हॅम्बर्गला आल्यावर प्राध्यापकांना तो एकुलता आकडा दाखवला. वाळू तुटल्यावर टेकडीचं काय होतं ते हीच सांगेल, ते म्हणाले. हिवाळ्याआधी पुन्हा मोज. मी हो म्हटलं. मी इथेच राहतेय हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली आणि नाशिकसाठी आपली बॅग भरायला घेतली.

त्या दिवशी बोटीवर मी नकार ऐकायला बोलले होते. त्यांनी मात्र माझा शब्द खरा धरला. आता मी त्यांना रोज फोन करते. ते काम कसं चाललंय विचारतात, जेवलीस का विचारतात. 'ये' मात्र त्यांनी पुन्हा म्हटलेलं नाही.