तोरण आणि लाल दिवा

एकदा लिहायचं आणि सगळ्या मशीनसाठी वापरायचं, याचा मला भारी गर्व. भिसेगावच्या घरी बसून मी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअरचं एक मॉड्यूल लिहिलं होतं. बिस्किटं भरणारं मशीन असो की पुठ्ठा कापणारं, सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल. काय बिघडलंय ते दाखवण्याची सोय मी मुद्दाम काढून टाकली. प्रत्येक मशीनची कारणं वेगळी, ती कोण भरत बसणार? वर ऐटीत सांगायचो, माझं सॉफ्टवेअर बारा गावचं पाणी प्यालंय.

कुंभिवलीच्या एका खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा दाबून कापणारा नवा प्रेस, माझंच मॉड्यूल घातलेला, दसऱ्याला सुरू व्हायचा होता. मालक म्हणाले, रोज जी चालवणार तिनेच पहिलं बटण दाबायचं. ती बाई विधवा. जुन्या कामगारांत कुजबुज झाली, पण मालक बधले नाहीत. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती.

या प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात. एका खांबातून दुसऱ्याकडे न दिसणारे किरण जातात. मध्ये हात आला की मशीन चालत नाही. पण दसऱ्याला दोन खांब दिसले की आपली माणसं तोरण बांधणारच. एक टोक तर स्टुलावर चढून मीच बांधलं. एवढा शहाणा मी!

नारळ फुटला. तिने हात पदराला पुसून बटण दाबलं. लाल दिवा. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सांगितलं व्हतं."

तोरण किरणांच्या आड आलंय, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मोठ्याने सांगायला हवं होतं. पण चारचौघांत, माझ्या सॉफ्टवेअरला साधं कारण सांगता येत नाही, हे म्हणायला जीभ रेटेना. मी गुपचूप तोरण बाजूला सारलं आणि तिला बटणाकडे हात दाखवला. तोवर ती मागे सरली होती. बटण मालकांनी दाबलं. प्रेस धडधडू लागला, टाळ्या पडल्या.

पेढे वाटताना मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. बाईची बाजू सावरायला इंजिनीयर काहीतरी सांगतोय, एवढंच त्यांना कळलं. मला स्वतःची किळस आली. मी तिला म्हटलं, ताई, प्रेस बंद करतो, तुम्ही पुन्हा दाबून बघा.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "मशीनला आता चांगला हात लागला हाय."

आता माझं मॉड्यूल कारण सांगतं. 'समोर अडथळा आहे', मोठ्या मराठी अक्षरांत. सगळ्या मशीनवर घातलंय, तिच्याही. परवा सकाळी तिथे गेलो तर ती प्रेसपाशी नुसती उभी होती. दिवसभर तो तीच चालवते. पण सकाळचं पहिलं बटण दाबायला अजून दुसऱ्या कुणाला तरी हाक मारते.