हात काढा, बाई

मी वीर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. पनवेलला बहिणीकडे चार दिवस राहून परतत होते. महाडची रिक्षा मिळाली. रिक्षावाला ओळखीचा, त्याची मुलगी गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती. थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, "बाई, दासगावला थांबायचं ना?" मी म्हटलं, "नाही, का?" त्यानं रिक्षा हळू केली आणि म्हणाला, "म्हंजे तुमाला समजलं नाय... मुकादम सर गेले. झोपेतच गेले. काल दुपारी दफन झालं."

दासगावला उतरले. घरात बायका बसल्या होत्या. सरांच्या पत्नीनं, भाभींनी, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रशीद मुकादम सर माझे पहिले मुख्याध्यापक. पोलादपूरच्या वर, डोंगरात, दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. सर दासगावहून पहाटेच्या एसटीनं पोलादपूरला यायचे आणि तिथून पुढे मिळेल त्या गाडीनं, नाही मिळाली तर पायी. मी नुकतीच डीएड होऊन आलेली, सगळं नियमानं करायची हौस. खेळाचा तास माझ्याकडे आला तेव्हा मी पोरांना व्हरांड्यात रांगेत बसवायला लागले. पाय सरळ, गुडघे वाकवायचे नाहीत, बोटांनी अंगठे धरायचे आणि मी तीस म्हणेपर्यंत हलायचं नाही. असे चार-पाच ताण झाले की मगच धावायला सोडायचे. पोरं दात-ओठ खाऊन बसायची. मला ते दृश्य फार आवडायचं, खरं सांगायचं तर. शिस्त दिसायची.

सर आठवडाभर नुसतं बघत होते. मग एका सकाळी त्यांनी निळ्या खडूचा भुगा एका वाटीत काढला, ताण सुरू व्हायच्या आधीच पोरांना बोटं बुडवायला लावली आणि भिंतीशी उभं करून म्हणाले, "उडी मारा आणि जमेल तितक्या वर बोट टेकवा." भिंतीवर निळे ठिपके उमटले. दुसऱ्या दिवशी माझे ताण संपल्यावर लगेच त्यांनी तेच करायला लावलं, फक्त खडू लाल. बहुतेक पोरांचे लाल ठिपके निळ्यांच्या खाली होते. मी म्हटलं, आज पोरं आळसावलीत. सर म्हणाले, "असतील. उद्या परत करू." आठ दिवस आम्ही तोच उद्योग केला. कधी ताणानंतरचा लाल आधी, कधी ताणाशिवायचा निळा आधी. एका-दोघांचं उलटं यायचं, पण बाकीच्यांचं तेच. नवव्या दिवशी मीच फडकं घेऊन भिंत पुसली. सरांनी 'बघितलंत ना' असं एकदाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "ताण वाईट नाही, बाई. पण उडी मारायच्या तोंडावर नको. खेळून झाल्यावर द्या, सावकाश. आधी अंग तापलं पाहिजे."

अंग तापवायची त्यांची रीत साधी होती. लावणीच्या चिखलातून चालल्यासारखं गुडघे वर उचलत चाला, असं सांगितलं की डोंगरातल्या पोरांना वेगळं काही शिकवावं लागत नसे. मग खेकड्यासारखं आडवं, मग बेडकाच्या दोन-चार उड्या, मग थोडी लंगडी. दहा मिनिटांत पोरांची नाकं घामानं चमकायची आणि ती हसत असायची. मला पटलं होतं. निदान शाळेच्या अंगणात तरी पटलं होतं.

त्या हिवाळ्यात आमची सुवर्णा तालुक्याच्या स्पर्धेला निवडली गेली. चौथीतली, सगळ्यात वरच्या वाडीतली काटकुळी मुलगी. रोज तासभर चालत शाळेत यायची आणि संध्याकाळी तेवढंच चढून जायची. आमच्या शाळेतून तालुक्याला धावायला गेलेली ती पहिलीच. पोलादपूरच्या मैदानावर गारठा होता. शेजारच्या शाळेची मुलं पांढऱ्या बुटांत, शिट्टीच्या तालावर रांगेत व्यायाम करत होती. आणि आमची सुवर्णा एका कोपऱ्यात खेकडा झाली होती. एक गुरुजी हसून म्हणाले, "काय हो बाई, शर्यत हाय का सर्कस?" चारचौघं हसले. माझे कान तापले. सर नावं नोंदवायला टेबलाशी गेले होते. मी सुवर्णाला बाजूला घेतलं, खाली बसवलं आणि म्हटलं, नीट कर, अंगठे धर. तिचे हात पोचेनात. मी मागून तिच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि दाबलं. "आणखी वाक. आणखी..."

"हात काढा, बाई!"

सर टेबलापासून धावत आले होते. पन्नाशीतला माणूस, दम लागलेला. सात वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, त्यांचा चढलेला आवाज तेवढा एकदाच ऐकला. सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. मी हात काढले. सुवर्णा उठली, फ्रॉक झटकला आणि माझ्याकडे न बघता सरांच्या मागे गेली.

ती चौथी आली. चांगली धावली, पण तिच्या पुढच्या तिघी आणखी चांगल्या धावल्या. एवढंच.

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले होते. सुवर्णा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, त्याचंसुद्धा मला वाईट वाटत होतं. चढण लागल्यावर सर बोलले. "माझ्या पहिल्या शाळेत एक मुलगा होता. उंच उडीत त्याला कुणी हरवायचं नाही. त्याचं अंग वाकत नव्हतं म्हणून मी त्याची पाठ दाबली. तुम्ही दाबलीत त्याहून जोरात. मांडीच्या मागे काहीतरी तुटलं... तो रडला. मी म्हटलं, रडतोस काय, मर्दासारखा बस." तो मुलगा महिनाभर नीट चालू शकला नाही. सर दर शुक्रवारी, नमाज झाली की त्याच्या घरी जायचे. त्याची आई चहा द्यायची. "एकदा मी तिला म्हटलं, माझी चूक झाली. तर ती म्हणते, तुमी सर हाव, भल्यासाठीच केलं आसंल. बाई, तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो." तो मुलगा पुढे चालला, धावलाही, पण उंच उडीच्या दांडीसमोर पुन्हा कधी उभा राहिला नाही. त्यानंतर सर महाडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले, मिळेल ते वाचलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पोरांकडे बघत राहिले. खडूची वाटी तिथून आली होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर सर पोरांपुढे उभे राहिले. "काल मी बाईंवर ओरडलो. सगळ्यांसमोर ओरडलो, ते चुकलं माझं." पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला गप्प बसता येईना. मी म्हटलं, "आणि मी सुवर्णाची पाठ दाबली. तीही चूकच होती. सुवर्णा, लागलं होतं का गो तुला?" ती बोटाशी खेळत उभी होती. म्हणाली, "लागलं व्हतं, बाई. पन तुमी रागवाल म्हणून बोलले नाय."

तिचं ते वाक्य आम्हा दोघांनाही चांगलंच झोंबलं. पुढे सर निवृत्त झाले, माझी बदली होत होत मी महाडला आले. महिन्या-दोन महिन्यांनी दासगावला चक्कर व्हायची. गुडघेदुखीनं त्यांना पुरतं धरलं होतं, पण बोलणं पोरांचंच. शेवटचं भेटले ते पावसाळा संपताना. आमच्या नव्या शाळेचं पटांगण फरशीचं आहे म्हटल्यावर त्यांना काळजी पडली. "फरशीवर बेडूक नको, बाई. गुडघे जातील पोरांचे."

गेल्या रविवारी पुन्हा भाभींकडे गेले होते. आता घरात बाहेरचं कुणी नव्हतं. भाभी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "रोज सकाळी उठलं की मला पहिलं विचारायचे, आज काय दुखतंय का तुझं? मी म्हणायची, काय नाय. तरी तोंडाकडे बघत थांबायचे. खरं सांगेपर्यंत हलायचे नाय." एक खडा बाजूला काढून म्हणाल्या, "आता दुखतं तर सांगू कोणाला?"

सुवर्णाच्या त्या उत्तरानंतर शाळेतही त्यांनी हेच सुरू केलं होतं. धावायला सोडण्याआधी विचारायचं आणि मग थांबायचं. मी विचारत आले होते, पण थांबणं माझ्याकडून बदल्यांच्या धामधुमीत कधी सुटलं ते कळलंच नाही. सोमवारी पटांगणावर मी विचारलं, "कुणाचं काही दुखतंय का?" साठ पोरं एका सुरात ओरडली, "नाही बाई!" रोज ओरडतात तशीच. मी शिट्टी वाजवली नाही. उभी राहिले. पोरं चुळबुळली, एकमेकांकडे बघून हसली. मी तरी उभीच. मग मागच्या रांगेतून तिसरीतल्या आयेशानं हळूच हात वर केला.

"बाई, माझी टाच दुखते. कालपासून. मी आज नुसती बघत बसू?"

"बस," मी म्हटलं. ती पायरीवर जाऊन बसली. तिच्यामागून आणखी दोन हात वर आले.