अर्जावरचं पहिलं नाव

वृंदा कर्णिक खोटं बोलायची नाही, हे तिला ओळखणारं कुणीही छातीठोकपणे सांगेल. शाळेत पोचायला पाच मिनिटं उशीर झाला, तर मस्टरवर पाच मिनिटं उशिराचीच वेळ टाकणारी बाई ती. एका बाबतीत मात्र ती दहा महिने खोटं बोलली, आधी स्वतःशी आणि मग सगळ्या पेणशी. आणि ते भोवलं कुणाला, तर तिच्या बापाला.

बाई त्रेचाळीस वर्षांची. गागोद्याच्या अलीकडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहते पेणला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मूलबाळ नाही. नवरा अंबरीश डोलवीला कंत्राटावर सुपरवायझर होता, तिथलं काम सुटल्यावर तीन वर्षांपूर्वी मस्कतला गेला. दर गणपतीत यायचा. मागच्या गणपतीत आला तो चारच दिवस राहिला, आणि त्यानंतर त्याचे फोन रोजचे आठवड्यावर आले, आठवड्याचे पंधरवड्यावर. कुणी विचारलं की वृंदा म्हणायची, "साइटवर रेंज नसते हो." इतकं पाठ झालं होतं की विचारायच्या आधीच सांगायची.

तिचे वडील रघुनाथ टिपणीस रोह्याला एकटे. निवृत्त मुख्याध्यापक, सारं रोहा त्यांना गुरुजी म्हणतं. नोकरीत असताना संध्याकाळी सायकल मारत धाटावला जायचे आणि पहिली शिफ्ट सुटली की कामगारांचे साक्षरता वर्ग घ्यायचे. अंगठा लावण्याचा त्यांना भारी तिटकारा. पगाराच्या दिवशी शाईचं पॅड लपवून ठेवायचे म्हणे, "सही कर, नाहीतर उभा राहा!" घरी केरवाऱ्याला येणारी बायजा, तिलाही त्यांनी मागच्या वर्षी पाटी घेऊन बसवलं होतं. पन्नाशीची बाई, लाजून लाजून मरायची. पण शिकली.

तर संक्रांतीच्या आठवड्यात गुरुजींची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी करा. पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे. पाय येईल. हाताचं मात्र या सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढंच तुमचं, पुढे आशा धरू नका." मशीनवर व्यायाम घेणारं केंद्र पेणला आणि गुरुजी रोह्याला. तिसरा मजला चढवून त्यांना आणणार कोण? शिवाय गुरुजींचा हट्ट. जावई घरात नसताना जावयाच्या घरी पडून राहायचं नाही, म्हणजे नाही. एसटीत त्यांना चढवता येईना, आणि भाड्याची गाडी आठवड्यातून एकदाच परवडे. म्हणजे तिनातली एकच खेप पदरात पडायची.

वृंदानं ठरवलं, गाडी घ्यायची. गाडी चालवायला ती दोन वर्षांपूर्वीच शिकली होती. लायसन्स पर्समध्ये तसंच पडून होतं. बँकेत कर्जाच्या टेबलावर दिपिका नावाची मुलगी होती. पोरगी हुशार आणि मनानं चांगली. तिनं पगाराची स्लिप पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या एकटीच्या पगारावर छोटी गाडी सहज बसते. आठ-दहा दिवसांत करून देते."

आठ-दहा दिवस! फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता तो. तेव्हाच हो म्हणाली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण वृंदा काय म्हणाली? "अर्ज दोघांच्या नावानं भरू. पहिलं नाव त्यांचं घाला."

"सर बाहेरगावी असतात ना? मग त्यांचे कागद, सह्या... वेळ लागतो मॅडम."

"लागू दे. गाडी दोघांची आहे."

का म्हणाली असेल? मोठी गाडी हवी होती म्हणून नाही. तिला ते नाव हवं होतं. आरसी बुकावर सरकारी छापात अंबरीश कर्णिक असं लिहिलेलं हवं होतं, शाळेत सहज दाखवता येईल असं. मनात जी पाल चुकचुकत होती ना, तिच्यावर तिला एक कागद ठेवायचा होता. बाई, अगं बाई, तुझा बाप तिकडे खुर्चीत बसून बोटं हलतात का बघतोय!

फोनवर अंबरीश म्हणाला, "हो हो, टाक की माझं नाव. कागद पाठवतो." फेब्रुवारी गेला. "कुरियर निघालंय." मग, "इथे सुट्ट्या आहेत, ऑफिस बंद आहे." मग, "तू जरा दम धरशील का? मी इथे मरमर मरतोय." वृंदा माफी मागायची आणि फोन ठेवून पुन्हा बँकेत जायची. "येतायत कागद," ती दिपिकाला सांगे. दिपिका फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी सरकवी.

मार्चमध्ये बँकेचा पडताळणीवाला घरी आला. वृंदा शाळेत होती. समोरच्या दारातल्या काशीबाई बाहेर आल्या. पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया म्हणून काढलेली बाई, कुणाला ऐकते का? परका माणूस दारात उभा राहून विचारतोय, इथे राहणारे साहेब कुठे असतात. त्यांनी एका क्षणात ओळखलं, की बाई एकटी राहते हे या मेल्याला कळता कामा नये.

"हायत की! आत्ताच खाली गेले," काशीबाई म्हणाल्या. "ह्या काय चपला त्यांच्या."

"चपला इथे आहेत, मग अनवाणी गेले का?"

"बूट घालून गेले. तुम्हाला काय करायचंय? कामाचं बोला."

दारात पुरुषाच्या चपला खरोखरच होत्या. वृंदानंच ठेवल्या होत्या, आणि मागच्या दोरीवर आठवड्यातून एकदा त्याचा धुतलेला शर्टही तीच वाळत घालायची. एकट्या बाईनं करायच्या असतात त्या गोष्टी. पडताळणीवाल्यानं सगळं नीट लिहून नेलं, "पती याच पत्त्यावर राहतात." अर्जात लिहिलेलं, पती मस्कतला. वरच्या ऑफिसनं शेरा मारला, माहिती विसंगत, आणि फाइल परत पाठवली. त्यात महिना गेला. काशीबाईंना कळलं तेव्हा त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "मी तुझ्यासाठीच बोलले गो," म्हणाल्या. त्यांच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? वृंदानं त्यांना चहा करून दिला आणि चपला होत्या तिथेच ठेवल्या.

दर शनिवारी शाळा सुटली की ती भाड्याच्या गाडीनं रोह्याला जाई, बाबांना पेणला आणी आणि परत सोडी. एप्रिलच्या शेवटी गुरुजी काठी धरून दहा पावलं चालले. बायजानं टाळ्या वाजवल्या. हात मात्र मिटलेलाच राहिला. व्यायाम घेणारे डॉक्टर त्यांची बोटं एकेक करून उघडत आणि सोडली की ती पुन्हा मिटत. "रोज नाही, निदान तीनदा तरी आणा हो," ते म्हणाले. "मी कितीदा सांगायचं?" वृंदा म्हणाली, "गाडी येतेय. कागद तेवढे अडकलेत." गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी जावयाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. गेल्या कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात तेव्हा आलं नाही.

मेच्या अखेरीस अंबरीशनं फॉर्म सही करून, स्कॅन करून मेलवर पाठवला. कटकट मिटावी म्हणून पाठवला असणार. वृंदाला मात्र आभाळ ठेंगणं झालं. प्रिंट काढून ती सुट्टीच्या दिवसांतली कामं टाकून बँकेत धावली. सही आली म्हणजे बँकेला त्याच्या नावावरची जुनी-नवी कर्जं तपासायची मोकळीक मिळते. दिपिका म्हणाली, "आता दोन दिवसांचं काम."

दोन दिवसांनी दिपिकानं तिला बोलावलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस जेवायला जाईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सरांच्या नावावर आधीच गाडीचं कर्ज चालू आहे."

"छे हो. नावसाधर्म्य असेल. ते तर तिकडे असतात."

"पॅन नंबर तोच आहे. दिवाळीत घेतलंय. हप्ते वेळच्या वेळी जातात." दिपिकानं एकदा दाराकडे पाहिलं. "पत्ता खारघरचा आहे."

पेणहून खारघर तासाभराच्या वाटेवर. वृंदाला आधी काहीच वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "एकट्याच्या नावावर आहे?"

"ते मला नाही सांगता येणार मॅडम," दिपिका म्हणाली, आणि तिनं स्क्रीन जराशी आपल्याकडे वळवली. म्हणजे सांगितलंच की.

वृंदा बाहेर आली. एसटी स्टँडापर्यंत चालत गेली, रोह्याची गाडी लागलेली होती, तिच्यात बसली नाही. पुन्हा बँकेच्या दारापर्यंत आली. पायऱ्यांवर बसून रडावं असं तिला वाटत होतं, पण समोरच तिच्या शाळेतल्या एका मुलाची आई भाजी विकत होती. "काय बाई, गाडीचं झालं का?" तिनं विचारलं. "होतंय," वृंदा म्हणाली.

मार्ग होता. पहिला अर्ज रद्द करायचा आणि तिच्या एकटीच्या नावानं नवा भरायचा. पण आधीच्या शेऱ्यामुळे वरच्या ऑफिसला प्रतिज्ञापत्र हवं होतं, की नवरा सोबत राहत नाही. दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक रक्ताच्या नात्यातला. दिपिकानं मजकूरही टाइप करून दिला. तो कागद घेऊन वृंदा घरी आली आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पाच आठवडे! हे पाच आठवडे बँकेचे नव्हेत, अंबरीशचे नव्हेत. हे तिचे एकटीचे. रक्ताच्या नात्यातला म्हणजे बाबा, आणि बाबांना सांगायला तिची जीभ उचलेना. अंबरीशला तिनं फोन केला नाही. त्याचाही आला नाही.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी व्यायामाच्या डॉक्टरांनी गुरुजींचा हात हातात घेतला, मनगट फिरवलं आणि खाली ठेवला. "पाय चांगला आलाय," ते म्हणाले. हाताबद्दल वृंदानं विचारलं तेव्हा म्हणाले, "आता आहे तो सांभाळायचा."

त्या रविवारी तिनं कागद काढला. ओळखीचे नोटरी वकील रोह्यातच राहत, ते घरी यायला तयार झाले. दुसरी साक्षीदार बायजा. पुढच्या खोलीत टेबल ओढलं. वृंदानं काही न बोलता कागद बाबांसमोर ठेवला आणि त्यांचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. तिनं मनाशी योजलंच होतं तसं, की बाबा मनातल्या मनात वाचतील आणि आपल्याला तोंडानं काही बोलावं लागणार नाही. गुरुजींनी वाचलं. दोनदा वाचलं. कागदावरून मान वर काढली नाही.

बायजानं आधी सही केली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत, शेवटी वर रेघ ओढून तिनं नाव पुरं केलं. "बघा गुरुजी," ती नेहमीसारखं म्हणाली आणि तिनं पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

गुरुजींनी डाव्या हातानं पेन उचलून उजव्यात कोंबलं. ते टेबलावरून घरंगळत खाली गेलं. बायजानं उचलून दिलं. पुन्हा पडलं. मग त्यांनी डाव्या हातानं प्रयत्न केला, आणि रकान्याबाहेर एक वेडीवाकडी रेघ गेली.

"राहू द्या गुरुजी," वकील म्हणाले. त्यांचे वडील धाटावच्या त्या वर्गात शिकलेले. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. "अंगठा चालेल." त्यांनी पिशवीतून शाईचं पॅड काढलं. "फक्त एक आहे. अंगठा असला की मजकूर मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. वाचून दाखवला असं मला खाली लिहावं लागतं. वृंदाताई, तुम्ही वाचता का? तुमचंच निवेदन आहे."

वृंदानं कागद घेतला. हात जागेवर असता तर सही झाली असती, आणि हे वाचावं लागलं नसतं.

"मी, वृंदा अंबरीश कर्णिक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की," ती वाचू लागली, "माझे पती गेले दहा महिने माझ्यासोबत राहत नाहीत. ते कोठे राहतात याची त्यांनी मला..." पुढची ओळ ओठांतच राहिली.

"बाबा, माझ्यामुळे गेला तुमचा हात," ती म्हणाली. "फेब्रुवारीतच मिळत होती गाडी. मीच नको म्हटलं."

गुरुजींनी डावा हात पुढे केला आणि अंगठा पॅडवर टेकवला. काळा झालेला अंगठा त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग तो तसाच हवेत धरून, जड जिभेनं, एकेक शब्द सोडवत म्हणाले,

"पहिल्यापासून वाच. मोठ्यानं. मागच्या बाकावर ऐकू आलं नाही."

वृंदा उभी राहिली आणि पहिल्यापासून वाचू लागली.