जवळचं कॉलेज, दूरचं कॉलेज

मुलीला मेडिकलला जाण्याइतके गुण पडले, तेव्हा आमच्या बुलढाण्याच्या घरात आधी पेढे वाटले गेले आणि मग वाद सुरू झाला. मागच्या वर्षीच्या यादीशी गुण ताडून पाहिले, तर दोन सरकारी कॉलेजं आवाक्यात होती. एक जवळचं, सकाळी एसटीत बसलं की जेवणाआधी पोचावं असं. तिथे रुग्णांची गर्दी फार, संशोधन बेताचं. दुसरं रात्रभराच्या प्रवासावरचं. तिथे प्रयोगशाळा मोठ्या, आणि विद्यार्थ्यांनाही संशोधनाचं काम मिळतं, असं मुलगी सांगत होती. अर्जात पहिली पसंती कोणाला द्यायची, एवढाच प्रश्न होता.

तिला दूरचं हवं होतं, मला जवळचं.

"डॉक्टरचा हात पेशंट तपासून बसते," मी म्हणालो. "उंदीर तपासून नाही."

"अन् तुमच्या बीपीची गोळी आधी कोणावर तपासली, बाबा?"

मी भावनेच्या भरात निर्णय घेत नाही. आमच्याकडे बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र पाहून कोणी पेरत नाही. कोणाच्या तरी वावरात उभं पीक पाहून येतात. त्याच न्यायाने तिला घेऊन जवळचं कॉलेज पाहायला गेलो. केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग पार फाटकाबाहेर आली होती. मी रांग मोजली, आकडा वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागला आणि एका विद्यार्थ्यामागे किती पेशंट, ते उत्तर मुलीला ऐकवलं. उत्तर भरघोस होतं.

तिचं लक्ष रांगेतल्या लोकांच्या हातांकडे होतं. जवळपास प्रत्येकाकडे रिकामी पिशवी होती. तिने एका आजीला विचारलं, "आजी, रोजच एवढी गर्दी राह्यते का?"

"रोज कायले, माय? आज बाजार हाय. दवाखाना होते अन् भाजीपालाही होते. गुडघा तं दिवाळीपासून दुखून राह्यला."

बाजाराचा दिवस साधूनच दवाखाना करायचा, ही आमच्या खेड्यांची रीत. माझी आईही देऊळघाटहून बुलढाण्याला तशीच यायची. मी गणित चोख केलं होतं. फक्त वार पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. रांग फाटकाच्या बरीच आत होती.

"सरासरी काढू," मी म्हणालो.

"दोन दिवसाची सरासरी, बाबा? तुम्ही?"

परतीच्या बसमध्ये ती एकाच गोष्टीवर बोलत राहिली. बाजाराची वाट पाहत माणूस किती दिवस दुखणं अंगावर काढतो? त्याने आजार किती वाढतो? हे कोणी मोजलं आहे का?

"असं मोजायचं कुठं शिकवते?" मी विचारलं.

"तेच तं सांगून राह्यली मी तुम्हाले."

घरी बायकोने चहा पुढे ठेवला. "झाल्या रांगा मोजून? पोरगी दर रविवारी घरी यावी म्हणून चाललं हे सगळं. सरळ सांगा ना तिले."

मी हिशेबाची बाजू मांडायला सुरुवात केली. बायको तशीच उभी राहिली. मग मी मुलीला सरळच सांगितलं, की तू एवढ्या लांब गेलीस तर मला करमणार नाही.

"मलेही नाही करमणार, बाबा," मुलगी म्हणाली आणि मोबाइलवर भरलेला अर्ज माझ्यापुढे धरला. दूरचं कॉलेज पहिलं, जवळचं दुसरं. "टाकू का?"

मी चष्मा लावला, दोन्ही कॉलेजांचे कोड क्रमांक यादीशी ताडून पाहिले. बरोबर होते.

"टाक," मी म्हणालो.